ढालकिड्याचं पोर

आमच्याकडं ज्वारीवर मावा आला असं कुणी म्हणत नाही. चिकटा पडला, म्हणतात. मावा हा शब्द मला पुढं कृषी विद्यालयाच्या वहीत भेटला. चिकटा मात्र लहानपणापासून अंगाला लागलेला. मार्गशीर्षात चार दिवस आभाळ झाकळून राहिलं की ज्वारीच्या खालच्या पानांच्या पोटाशी बारीक पिवळसर किडे गच्च बसतात. पानातला रस ओढतात आणि मागून गोड पाणी सोडतात. ते पाणी खालच्या पानावर ठिबकतं. सकाळच्या उन्हात पान तेल लावल्यागत चमकतं. रानातून नुसतं आडवं चालत गेलं तरी लुगड्याचा घोळ चिकट होतो, हाताला काकवी लागल्यासारखं वाटतं. पुढं त्याच पाण्यावर काजळी धरते, पानं काळी पडतात, आणि असला कडबा दावणीत टाकला की जनावर एकदा हुंगून तोंड फिरवतं. आमच्या औसा तालुक्यात रब्बीची ज्वारी म्हणजे माणसाची भाकर आणि जनावराचा कडबा. एकाच ताटाला दोघांची पोटं बांधलेली. त्यामुळं चिकटा पडला म्हणलं की घरात बोलणं कमी व्हायचं.

चिकटा खाणारा तांबडा किडाही सगळ्यांच्या ओळखीचा. ढालकिडा हे त्याचं नाव मी नंतर शिकले. अर्ध्या वाटाण्याएवढी फुगीर पाठ, तांबडी नाहीतर नारिंगी, वर काळे ठिपके किंवा नागमोडी रेघा. आम्ही पोरं त्याला बोटावर चढवायचो. बोटाच्या टोकाला गेला की पाठीची ढाल उघडायचा आणि उडून जायचा. धरताना जास्त दाबला तर पायाच्या गुडघ्यातून पिवळा थेंब सोडायचा, त्याचा उग्र वास हाताला बराच वेळ राहायचा. तरी त्याच्यावर कुणी रागवायचं नाही. देखणा होता ना. देखण्याला सगळं माफ असतं, माणसात काय आणि किड्यात काय.

त्याच्या पोराचं तसं नव्हतं. गाईचं वासरू गाईसारखं दिसतं, शेळीचं करडू शेळीसारखं. ढालकिड्याचं पोर आईबापाच्या वळणावर कुठंच जात नाही. लांबुळकं अंग, मागं निमुळतं होत गेलेलं. रंग पाटीसारखा काळपट, पाठीवर पिवळे-नारिंगी ठिपके, अंगभर बारीक केसाळ गाठी. पुढच्या अंगाला सहा पाय, तेही बाहेर फाकलेले. सुसर चिमटीत धरता येईल एवढी लहान केली तर कशी दिसेल, तसं. पंख नाहीत, ढाल नाही. पानावर भराभरा धावतं. पाहणाऱ्याला वाटतं, हे डसणार. आणि नेमकं ज्या पानावर चिकटा जास्त, त्याच पानावर हे जास्त. मग सगळा आळ याच्यावर.

१९९५ सालच्या डिसेंबरात मी येळवशीला गावी आले, तेव्हा माझी आत्या ज्वारीच्या रानात वाकून ही पोरं अंगठ्यानं चिरडत होती.

आत्याचं रान दोन एकर. चोळीबांगडीला दिलेलं. तिच्या नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा ती सव्विसाव्या वर्षी माघारी आली, आणि आजोबांनी ओढ्याकडचा तुकडा तिच्याकडं बोट करून दिला. कागदावर काही नाही. सातबारा माझ्या वडलांच्या नावावर, वडील नोकरीला लातूरला. रान कसायची आत्या. एक म्हैस, दोन शेळ्या, औताला बैल सावड करून. पाळी, पेरणी, खुरपणी, राखण, काढणी, सगळ्याला ती उभी. सगळ्या गावात दोन-तीनच बाया अशा स्वतःच्या हिमतीवर रान करणाऱ्या, आणि गावाला ते डोळ्यात खुपायचं नाही असं मी म्हणणार नाही. आमचे नात्यातले चुलते, बापूकाका, शेजारचं रान त्यांचं. ते दोन वर्षं आत्याच्या मागं लागले होते, की आक्का, रान बटईनं लाव, अर्धं घरी बसून खा. वाईट माणूस नव्हता. पण त्यांना तो ओढ्याकडचा तुकडा हवा होता, हेही खरं. आदल्या साली ज्वारी पडली, कडबा विकत घ्यावा लागला. तेव्हा आत्या रागाच्या भरात चारचौघांत बोलून गेली होती, "औंदा न्हाई पिकलं तर मीच तुझ्या हातात तिफण देते."

आणि औंदा चिकटा पडला होता.

मी तेव्हा कृषी विद्यालयात दुसऱ्या वर्षाला. आमचे एक सर वर्गात फारसं शिकवायचे नाहीत, रानात न्यायचे. किडा दिसला की नाव विचारायचे नाहीत. विचारायचे, हा पान खातोय, का पान खाणाऱ्याला खातोय? आम्हा पोरींना आधी ते सोपं वाटायचं. मग कळायचं की उत्तर द्यायला पानापाशी अर्धा तास उकिडवं बसावं लागतं. ढालकिड्याची अळी मी तिथंच पहिल्यांदा नीट पाहिली. तिची अंडीही. पानाच्या पोटाशी पिवळीधमक, उभी रचलेली, वाती एकाशेजारी एक टोचून ठेवाव्यात तशी, दहा-वीस-तीसचा पुंजका. त्यातून जे बाहेर पडतं ते डोळ्याला दिसेल न दिसेल असं काळं. तीनदा कात टाकून पुरतं मोठं होतं, मग शेपटीचं टोक पानाला चिकटवून कोष करतं.

"आत्या, थांब," मी म्हणलं, "हे मारू नको. हे ढालकिड्याचं पोर आहे."

आत्यानं मान वर केली. अंगठा काळा-पिवळा झालेला. "कशाचं?"

"तो तांबडा किडा असतो ना, त्याचं."

"त्याचं असलं व्हय गं? त्यो किती गोरागोमटा." आणि तिनं आणखी एक चिरडलं. "चिकटा जिथं, तिथं हे. माझं पीक खायलंय डोळ्यादेखत."

मी पान उलटं करून तिला दाखवायला लागले. एक अळी माव्याच्या गर्दीत तोंड घालून उभी होती. एकाला धरलं, चोखलं, सालपट टाकलं, दुसऱ्याला धरलं. आत्याच्या डोळ्याला ते दिसत नव्हतं. पन्नाशीची नजर आणि इतकं बारीक. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या वहीतलं रान येगळं पोरी, ह्ये रान येगळं."

घरी कोनाड्यात औषधाची बाटली आणून ठेवलेली होती, उधारीवर. पंप बापूकाकांचा. येळवस झाली की दुसऱ्या दिवशी फवारा, असं ठरलेलं. येळवशीला रानातलं हिरवं, हुरडा, सगळं तोंडात जातं, म्हणून तेवढं थांबले होते.

त्या रात्री मी लोणच्याची मोकळी बरणी मागितली. माव्यानं भरलेलं पान आणि तीन अळ्या आत टाकायच्या, सकाळी मावा संपलेला दाखवायचा, असा माझा बेत. आत्या चुलीपुढं बसून माझा खटाटोप बघत होती. मग म्हणाली, "दोन बरण्या घे."

"दुसरी कशाला?"

"दुसरीत नुसतं पान टाक. धुवून, पुसून. चिकटा नगं. हे पीक खात असंल तर पान खाईल. न्हाई तर उपाशी ऱ्हाईल."

माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. चौथी शिकलेल्या बाईच्या डोक्यात आलं. दोन्ही बरण्यांत तीन तीन अळ्या सोडल्या, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधलं आणि कणगीपाशी ठेवल्या.

सकाळी आंबीलीचं मडकं भरायच्या आधी आत्यानं बरण्या दारातल्या उजेडात आणल्या. माव्याच्या बरणीतलं पान जवळजवळ साफ. पांढरी सालपटं तेवढी चिकटलेली. दुसऱ्या बरणीतलं पान होतं तसंच, कड कुरतडलेली नाही, भोक नाही. पण अळ्या दोनच. तिसरीची कातडी तळाला पडलेली. आत्या बराच वेळ बघत राहिली.

"आगं बाई," ती हळूच म्हणाली, "ह्यांनी भाऊच खाल्ला की. पान न्हाई खाल्लं."

असं करतात ती. भुकेची वेळ आली की आपल्यातल्याच लहान्याला खातात. अंड्यातून आधी निघालेलं पोर शेजारची न फुटलेली अंडी खातं. मला ते सांगायला जरा अवघड वाटत होतं, कारण मी या किड्याची वकिली करत होते. पण आत्याला नेमकं तेच पटलं. "म्हंजी मांसखाऊ हाय. पाल्याला तोंड लावत न्हाई, उपाशी असलं तरी." आणि मग चेहरा एकदम उतरला. "काल मी शंभरभर मारले असतील."

मी काही बोलले नाही. ती उंडे करायला बसली.

येळवशीला रानात कडब्याची कोप, आत पाच पांडव, भज्जी, खीर, आंबील. त्या दिवशी कुणाच्याही रानात कुणीही जेवतं. बापूकाका आमच्या कोपीत आले तेव्हा आत्यानं त्यांना भज्जीच्या आधी बरणी दाखवली. त्यांनी ती डोळ्यापाशी धरली, फिरवली, खाली ठेवली.

"आक्का, बरणीत खाल्लं. बरणीत त्याला दुसरं काय काम हाय? रानात लाखानं चिकटा. ह्यो किती खाणार? खाऊस्तवर ताट वाळून जाईल."

मला राग आला होता, पण प्रश्न बरोबर होता. आजही कुणी शेतकऱ्यानं तो विचारला तर मी उडवून लावत नाही. मित्रकिडा आहे एवढ्यानं भागत नाही. किती आहे, हे मोजावं लागतं. जेवणं झाल्यावर मी आणि आत्या मोजायला निघालो. दहा पावलं चालायचं, समोर येईल ते ताट धरायचं, खालची पानं उलटी करायची. मी मोजायची, आत्यानं बोटाच्या पेरावर ठेवायचं. रान दोन तऱ्हेचं निघालं. वरच्या अंगाला, बांधाकडेनं करडईची तासं होती. जनावर आत घुसू नये म्हणून आमच्याकडं ज्वारीच्या कडेनं काटेरी करडई टाकतात. त्या करडईवर काळा मावा आधीच आलेला, आणि त्यावर ढालकिडे केव्हाचे वाढत होते. तिथून ते ज्वारीत उतरले होते. वरच्या दीड एकरात जवळजवळ प्रत्येक ताटावर दोन-चार अळ्या, कुठं पिवळ्या अंड्यांचे पुंजके, कुठं नारिंगी कोष. ओढ्याकडचा अर्धा एकर मात्र सखल, गारवा धरणारा, ज्वारी तिथं दाट. तिथं पानं नुसती चमकत होती आणि अळी शोधून सापडेना. मुंगळे मात्र ताटावरून सारखे वर-खाली. गोड पाण्यासाठी ते माव्याची राखण करतात, ढालकिड्याच्या पोराला हाकलून लावतात. आत्याला ते माहीत होतं. मुंगळा चढला की चिकटा वाढतो, हे तिचं जुनं गणित. कारण तेवढं नवं कळलं.

पाहताना तिचे डोळे हळूहळू बसत गेले. लांबट, हिरवट, पाय नसलेली, गोगलगायीगत सरकणारी अळी दिसली की विचारायची, हे काय? ती एका माशीची, फुलांवर घोंघावते तिची. तीही मावाच खाते. दुसरी एक करड्या रंगाची, तोंडापुढं दोन वाकडे विळे असलेली. ती क्रायसोपाची, हिरव्या जाळीदार पंखाच्या किड्याची. तीही आपलीच. आत्या म्हणाली, "एवढी माणसं कामाला लावली हायत, आन् मला पत्त्या न्हाई."

संध्याकाळी तिनंच ठरवलं. मी सांगितलं नाही, बापूकाकांनीही नाही. ओढ्याकडचा अर्धा एकर फवारायचा, वरचा ठेवायचा. आणि फवारायच्या आधी खालची जी काय थोडी पोरं आहेत ती वर न्यायची. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत आम्ही दोघी सुपं घेऊन खाली उतरलो. ताटाखाली सूप धरायचं, पान झटकायचं. ही पोरं धक्का बसला की पटकन खाली पडतात. धुतलेल्या सुपात काळी पोरं चटकन दिसत होती. सुपात उघडी ठेवली तर एकमेकांवर उठतील, म्हणून मध्ये माव्याची पानं पसरली. साठ-सत्तर सापडली असतील. वरच्या रानात नेऊन एकेका ताटाला एकेक सोडली. बापूकाका पंप पाठीला लावून बांधावर उभे होते. "पाळण्यात घालून न्या की," म्हणाले. आत्या म्हणाली, "नाव ठेवायला तू ये."

त्यानंतर मी विद्यालयात परतले. पंधरा दिवस मला वर्गात लक्ष लागलं नाही. किड्याचा प्रश्न माझ्यासाठी परीक्षेतल्या चार गुणांचा होता, तिच्यासाठी दोन एकरांचा. आणि त्या दीड एकराला औषध लागलं नव्हतं ते माझ्या शब्दावर.

संक्रांतीला गेले. आभाळ निवळलं होतं, थंडी कडाक्याची पडलेली. आत्या दारात वाण घेऊन उभी, आणि पहिलं बोलली ते बरणीबद्दल. एका बरणीतल्या पोरानं कोष केला होता. "आठ दिस हालंना, चालंना. बोट लावलं की तेवढं टुणकन उठायचं. म्हणलं मेलं का काय. आन् एक दिस सकाळी बघते तर फाटलं. आतून निघाला त्यो ढालकिडा, पर कसा? हळद लावल्यागत पिवळा, मऊ, एक ठिपका न्हाई अंगावर. म्हणलं ह्ये काय येगळंच जन्मलं. भाकरी थापून आले, दुपार झाली, तर ठिपके उमटलेले. पाठ हळूहळू लाल होत गेली. दोन दिस ठिवला, मग सोडला." हे ती मला सांगत होती, शेजारणीला सांगत होती, सासरहून आलेल्या पोरींना सांगत होती. मी ते पुस्तकात वाचलेलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी तेव्हा पाहिलेलं नव्हतं.

रान? वरच्या दीड एकरातला चिकटा हटला होता. पानं कुठंकुठं काळी, पण कणसं भरलेली. खालच्या अर्ध्या एकरात फवाऱ्यानं मावा मेला, आणि तीन आठवड्यांनी थोडा परत आला, तेवढ्यात ताटं पक्व झाली. मालदांडी ज्वारी दोन एकरांत नऊ पोती झाली. चांगल्या साली अकरा व्हायची. कडबा वरच्या अंगाचा जनावरांनी खाल्ला, खालचा निम्मा टाकून दिला. हे सगळं ढालकिड्याच्या पोरांनी केलं, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. ऊन पडलं, थंडी आली, त्यानंही मावा उतरतो. बापूकाका तेच म्हणत होते, थंडीनं केलं. आत्या त्यांना म्हणाली, "थंडीनं केलं का किड्यानं केलं, तिफण माझ्याच हातात ऱ्हायली न्हवं?" बटईचा विषय त्या साली निघाला नाही. पुढं वडलांनी निवृत्तीनंतर तो तुकडा तिच्या नावावर केला. तेव्हा तलाठ्याच्या चावडीत आत्या नवं लुगडं नेसून गेली होती.

पण ही ओळख फार सरळ असती तर मी एवढं लिहीत बसले नसते. दुसऱ्या पावसाळ्यात आत्याचा निरोप आला, तुझ्या ढालकिड्यानं माझी वांगी खाल्ली. परसात तिनं वांग्याची पंधरा-वीस झाडं लावली होती, मांडवावर कारली. पानांवर ढालकिडे दिसले, पिवळी उभी अंडी दिसली, पोरं दिसली. आत्या खूश. शेजारणीनं राख टाकायला काढली तर हिनं हात धरला. आठ दिवसांत पानांची चाळण झाली. हिरवं खरवडून नेलेलं, शिरांची जाळी तेवढी राहिलेली.

गेले तेव्हा तिनं पान माझ्यापुढं धरलं. "सांग आता. हे मांसखाऊ हाय का?"

तो त्याच कुळातला, पण पाला खाणारा. पुस्तकात त्याला एपिलॅक्ना भुंगेरा म्हणतात. आपल्याकडं वांगी, बटाटा, कारली, दोडक्यावर येतो. एका जातीच्या पाठीवर अठ्ठावीस ठिपके असतात. आम्ही दोघी परसात बसून दोघांतला फरक काढत बसलो. ज्वारीवरचा ढालकिडा चकचकीत, तेल पुसल्यासारखा. हा मंद, मातकट, पाठीवर बारीक लव. ज्वारीवरचं पोर काळपट आणि धावरं. हे पोर पिवळं, सुस्त, आणि अंगावर फांद्या फुटलेले काटे, बाभळीच्या शिरीसारखे. अंडी मात्र दोघांची जवळजवळ सारखी, तिथं मीही फसू शकते. शेवटी आत्या म्हणाली, "अंड्याकडं बघूच नगं. शेजारी मावा हाय का बघावं, आन् पान फाटलंय का बघावं." सरांचाच प्रश्न तिनं तिच्या भाषेत परत मांडला होता. मग ती पोरं आम्ही राखेच्या पाण्यात टाकली. तिचा हात तेव्हा थांबला नाही.

पुढं माझं लग्न झालं, तासगाव भागात द्राक्षबागेच्या घरी आले. तिथं चिकट्याचा मोठा भाऊ भेटला, पिठ्या ढेकूण. घडात शिरतो, पांढऱ्या पिठानं माखलेला, औषध अंगाला लागू देत नाही. आमच्या बागेत एका साली क्रिप्टोलिमस आणून सोडले. हाही ढालकिड्याच्याच कुळातला. ठिपके नाहीत, काळसर पाठ आणि डोकं-मागची बाजू तांबूस. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली कॉफीच्या मळ्यांसाठी भारतात आणलेला. त्याच्या पोरानं तर सोंगाची कमाल केली आहे. अंगावर पांढऱ्या मेणाचे झुबके काढतं आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखं दिसतं. ज्याला खायचं त्याच्याच वेशात. मुंगळेही त्याला फारसे अडवत नाहीत म्हणतात. माणसं मात्र फसतात. बागेत कामाला येणाऱ्या बाया घड साफ करताना ढेकूण समजून त्यांनाच चिंध्यांनी पुसून काढायच्या. विकत आणलेला राखणदार आपल्याच हातानं मारायचा.

आत्या त्या साली आमच्याकडं आली होती. साठी उलटलेली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, चष्मा. मी तिला क्रिप्टोलिमसबद्दल काहीच बोलले नव्हते. ती मांडवाखाली उगीच फिरत होती. थोड्या वेळानं बायांचा गलका थांबला म्हणून मी आत गेले, तर आत्या एक ओलांडा धरून उभी, आणि चार बाया तिच्याभोवती.

"ह्यो बघा, ढेकूण," ती म्हणत होती. "ह्याला बोट लावलं, हाललं का? न्हाई. जागचा उठत न्हाई त्यो. आन् ह्यो बघा." तिनं काडीनं एकाला डिवचलं. ते पांढरं झुबकेदार पोर तुरुतुरु पळालं. "ढेकूण पळत असतो का गं? ह्याचे झुबके बघा किती लांब. आकार बघा, दुप्पट तिप्पट हाय." मग तिनं त्याला काडीवर घेऊन उलटं केलं, चष्मा वर सारून बघितलं. "सा पाय. पळणारा. ह्यो ढालकिड्याच्यातला हाय, मी सांगते तुम्हाला." आणि मला बघून, "व्हय का न्हाई गं?"

मी हो म्हणलं. बायांपैकी एकीनं चिंधी कमरेला खोवली आणि त्या ओलांड्यावरची पोरं एकेक करून बाजूच्या घडावर ठेवायला लागली.

जाताना आत्यानं चार पोरं मागितली. म्हणलं, आत्या, ज्वारीत त्यांना खायला ढेकूण कुठला. "बांधावर सीताफळ हाय की. पाक पांढरं झालंय." मग मी एक बरणी दिली, आत ढेकणानं भरलेलं पान, तोंडाला फडकं. तासगावहून औशापर्यंत एसटीनं, दोनदा गाडी बदलून, तिनं ती पिशवीत न घालता मांडीवर धरून नेली. कंडक्टरनं विचारलं तर लेकरं हायत म्हणाली.

महिन्यानं फोन आला. "सीताफळावर दोन दिसायलेत. कोषातून निघालेले, काळे, डोकं तांबडं."

"चार नेली होतीस ना? बाकीची दोन?"

"ते मला काय विचारतीस," आत्या म्हणाली. "मुंगळ्याला विचार."